हिरवी सायकल विकणे आहे

— नाही हो, चपला राहू देत पायात, तुम्ही आत या. फरशी पुसायची आहेच अजून. अकराला येणार होतात ना, म्हणून बेल वाजली तेव्हा म्हटलं आत्ता कोण — पण बरं झालं लवकर आलात. म्हणजे बरं झालं की नाही ते मला अजून ठरवता येत नाहीये. बसा. त्या खुर्चीत नको, इकडे सोफ्यावर बसा. मिस्टर दात दाखवायला गेलेत, जुन्या पनवेलला, लाइन आळीत. त्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं लागतं, कधी पटकन होतं, कधी अख्खी सकाळ जाते. फोनवर तुमच्याशी तेच बोलले ना? हो, देवेश. आणि जाहिरात टाकली ती आमच्या मुलीने, प्रांजलने, पुण्याहून — त्याला ते मोबाइलवरचं जमत नाही, आणि मला जमतं पण मी टाकली नाही. असो. पाणी घ्या. चहा ठेवलाय. शार्दूल ना तुम्ही? खारघरहून आलात ना? ट्रॅफिक लागलं असेल पुलावर. लागतंच.

ही काय, समोरच आहे. खिडकीपाशी. चादर मी आत्ताच काढली, तुमची बेल वाजायच्या आधी — सहज, बघावं म्हणून. हात लावा ना, लावा. जुनी नाहीये ती, बरं का, सगळे तेच विचारतात, आजोबांची का म्हणून. नवी आहे, फक्त जुन्यासारखी बनवतात. इंग्लंडात एक छोटासा कारखाना आहे, तिथे माणसं अजून हातानं जोडतात म्हणे. हा हिरवा रंग बघा — उन्हात वेगळा दिसतो, सावलीत जवळजवळ काळा. दांड्यावरची ती सोनेरी रेघ ब्रशनं ओढलेली आहे, स्टिकर नाही, नख लावून बघा. पुढे वेताची टोपली. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे कपड्यांना ग्रीस लागत नाही. तीन गिअर आहेत पण दिसायचे नाहीत, मागच्या चाकाच्या पोटात आहेत. ब्रेकही तसेच, चाकाच्या पोटात, त्यामुळे धो धो पावसातही लागतात. मी पावसात — म्हणजे, लागतात असं ऐकलंय.

सीट? हो, जाहिरातीत चामड्याची लिहिलीय, बरोबर. ती माळ्यावर आहे. ही जेलची गुबगुबीत आहे ती मिस्टरांनी नंतर बसवली. चामड्याची — ती नाही देता येणार. तसं तुमचं आणि त्यांचं काही बोलणं झालं असेल तर माहीत नाही, पण ती नाही. ती खराब झालीय. खराब म्हणजे — थांबा, चहा उतू जाईल.

हं. साखर कमी घातलीय. आमच्याकडे कमीच असते, देवेश आल्यापासून. आल्यापासून म्हणजे तो जहाजावर होता ना, चीफ इंजिनिअर. मिस्टर म्हणते मी लोकांसमोर, घरात देवेशच. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं — पाच-सहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी, पुन्हा समुद्रावर. तो घरी असला की पाहुणा आल्यासारखं, रोज काहीतरी गोड, आणि मग एक दिवस बॅग भरायची आणि त्याला एअरपोर्टवर सोडायचं. तिथे इंग्लंडात एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं, बरेच दिवस, तेव्हा त्याने ही एका दुकानाच्या काचेत पाहिली. रिटायर झाल्यावर चालवीन म्हणून घेतली. सगळे कागद वगैरे करून खोक्यातून न्हावा शेव्याच्या बंदरात उतरवली, टेम्पोतून घरी आणली, आणि या इथे, याच फरशीवर बसून पेपर पसरून त्याने ती जोडली. मी त्याला कधी इतका खूश पाहिला नव्हता. खाली पार्किंगमध्ये दोन-चार चकरा मारल्या, वर आणली, पुसली, चादर घातली आणि गेला की पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर.

मग पुसायचं काम माझं. फोनवर विचारायचा, सायकल पुसतेस ना? पुसायचे. आणि तुम्हाला सांगते, मला पुसून पुसून कंटाळा आला. प्रांजल तोवर पुण्याला गेलेली, घरात मी एकटी, आणि ही. एक दिवस म्हटलं, जी वस्तू आपण रोज पुसतो ती चालते कशी ते तरी बघावं. मला येत नव्हती हो सायकल. लहानपणी शिकायची राहिली ती राहिलीच. पन्नाशी उलटलेली, त्यात ही दांड्याची, पुरुषी. तरी मी खाली नेली. दुपारची, कुणी नसताना. नुसती हातात धरून चालवत होते, कुत्रा फिरवावा तशी.

तिथे मला सत्यवती भेटली. तळमजल्यावर राहते ना, पाटलांकडची — तुम्ही येताना कोपऱ्यात मोठी पांढरी गाडी बघितली असेल, ती तिच्या मुलाची, हृतिकची. उलव्याकडच्या त्या. जमीन विमानतळात गेली, मग इकडे फ्लॅट घेतला, वर सिलिंग, खाली मार्बल, आणि सत्यवती दिवसभर त्या मार्बलवर पाय गार पडतात म्हणून पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायची. आमचं बोलणं तोवर नमस्कारापुरतं. तिने मला बघितलं, म्हणाली, "वैनी, ती चालवायची हाय का नुसती फिरवायची?" मी म्हटलं, येत नाही हो. तर म्हणाली, "आमी मिठागरावर भाकऱ्या न्यायचो सायकलवरून. बांधावरून. या बाजूला चिखल, त्या बाजूला खारं पानी. तुमाला पार्किंगमदी काय भ्या हाय?" आणि उठली की ती. हातात एवढ्या पाटल्या, नऊवारी नाही पण साडीच, पदर खोचला आणि मागून कॅरिअर धरलं. "पाय जमिनीला लागतो ना तुमचा? मग झालं तर."

काही नाही झालं. पहिल्याच दिवशी आम्ही दोघी कचऱ्याच्या डब्यांवर जाऊन पडलो. तिची एक पाटली वाकडी झाली आणि माझं कोपर सोललं. ती तशीच खाली बसून हसायला लागली, आणि मी — मला आठवत नाही त्याआधी मी कधी तशी हसले होते. शेजारी दुसऱ्याच दिवशी विचारायला लागले, काय चाललंय. काय चाललंय ते दिसत नव्हतं का? एक बाई सायकल शिकवत होती, एक शिकत होती.

बिस्कीट घ्या ना. — नाही, कुणी नाही, मला वाटलं गेट वाजलं. तुम्ही सारखी माझी उठबस बघून म्हणत असाल बाईला काय झालंय. काही नाही. मी बाल्कनीतून एकदा बघून येते.

नाही. अजून नाही आला.

तर शिकले. शिकले म्हणजे कशी — आधी आमच्या सेक्टरमध्ये, मग पूल ओलांडून जुन्या पनवेलला, वडाळे तलावाला फेरी. सकाळचा तिथे सगळा रिटायर्ड लोकांचा मेळा असतो, पांढरे बूट घालून. माझी ही हिरवी बघून थांबायचे, कुठली हो, कुठली हो. आणि मी सांगायचे, इंग्लंडची, मिस्टरांची. नंतर नंतर नुसतं इंग्लंडची सांगायला लागले. सत्यवतीच्या गुडघ्यांमुळे तिला आता चालवता येत नाही, ती रिक्षा करायची. विश्वास नाही बसायचा तुमचा — मी सायकलवर, ती शेजारून रिक्षात, मीटर टाकून, आणि आमच्या गप्पा चालल्यात. अशा आम्ही कर्नाळ्यापर्यंत जायचो. पळस्प्याच्या पुढे. हो, त्याच रस्त्यानं, कंटेनरच्याच. बंदराचे सगळे ट्रेलर तिथूनच वळतात. सुरुवातीला प्रत्येक ट्रेलरला मी खाली उतरून उभी राहायचे. पण एक समजलं मला. ट्रेलर शेजारून जातो ना, तेव्हा आधी वारा ढकलतो, आणि तो पुढे गेला की मागून ओढ लागते, आत खेचल्यासारखी. तेव्हा हँडल आवळून धरलं की गेलात. सैल सोडायचं. सायकल जड आहे, ती आपली आपण सरळ राहते. हे मला कुणी शिकवलं नाही. हे माझं मी शिकले. माझं असं काय होतं माझ्याकडे — घर त्याच्या पगाराचं, मुलगी दोघांची — पण हे माझं होतं.

त्याला का नाही सांगितलं? सांगितलं नाही असं नाही हो, विषय निघाला नाही. जहाजावरून फोन यायचा तो तुटत तुटत, त्यात प्रांजल, सोसायटीचं पाणी, गॅस, त्याच्या आईचं दुखणं. त्यात सायकल कुठे बसवू? सुट्टीवर यायचा तेव्हा चादर काढायचाच नाही तो, आता रिटायर झाल्यावरच म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर — हे मी सत्यवतीलासुद्धा बोलले नाहीये — मला ते तसंच आवडायचं. तो तिकडे, मी इकडे. तो परत येणार हे माहीत असायचं, आणि अजून आलेला नसायचा. त्या मधल्या महिन्यांमध्ये मी — मला काही कमी पडत नव्हतं. वाईट वाटतं का ऐकायला? तुमचं लग्न झालंय? नाही ना. मग सोडा.

गेल्या गणपतीत तो आला तो कायमचाच. कॉन्ट्रॅक्ट संपायला अवकाश होता, तरी आला. म्हणाला, बस झालं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, वय झालं. मी म्हटलं बरं. बॅग उघडली, कपडे धुवायला टाकले, आणि आठ-पंधरा दिवसांत मला समजलं की आता ही बॅग पुन्हा भरायची नाहीये. तो घरभर फिरायचा. फ्रिजवर तळहात ठेवून उभा राहायचा — तिथे म्हणे मशीनवर हात ठेवून समजतं त्यांना, काय बिघडलंय. वॉशिंग मशीन लावलं की शेजारी उभा, हात ठेवून. मिक्सर लावला की स्वयंपाकघराच्या दारात. गॅस पेटवला की हमखास यायचा. पेटवला की यायचा आणि मी बंद करेपर्यंत हलायचा नाही. माझ्या डब्यांना लेबलं लावली त्याने. हळद, तिखट, गोडा मसाला. मला काय दिसत नाही का हळद कुठली ते?

आणि मग त्याने सायकल काढली. चादर ओढली, खाली वाकून सगळं तपासलं, आणि सीटवर हात ठेवला. चामड्याची ती सीट कारखान्यातून येते तेव्हा पाटासारखी कडक असते. चालवणाऱ्याच्या अंगानं ती हळूहळू खाली बसते, खोलगट होते — त्या एका माणसाच्याच बेताची. दुसऱ्याला मग टोचते ती. त्याने हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "ही कुणी वापरलीय?" मी म्हटलं, "मी." तो हसला. म्हणाला, "खरं सांग. वॉचमनला दिली होतीस का?" मी पुन्हा म्हटलं, मी. मग तो हसला नाही. पण पुढेही काही विचारलं नाही त्याने, कुठे गेलीस, कधी शिकलीस, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ही जेलची घेऊन आला आणि ती काढून ठेवली. म्हणून म्हटलं ती खराब झालीय. खराब नाही झालेली ती. माझी झालीय.

तुमचा चहा गार झाला. दुसरा करते. नको? मग बसा, पुढचं ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल देवेश असाच आहे.

तो सकाळी सायकल घेऊन जायला लागला. मी वरून बघायचे. आणि लवकरच यायचा परत. एकदा आला तो सायकल हातात धरून चालत. म्हणाला, चेन पडली. आता ही चेन झाकलेली आहे, पडायला ती — मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. मग एक दिवस त्याचा फोन आला. "पळस्प्याला आहे. पुलाखाली. ये." एवढंच. त्याने मला आजवर कधी ये म्हटलेलं नाही. तोच यायचा नेहमी. मी रिक्षा केली, आमचा ठरलेला रिक्षावाला आहे, शिवा, त्याला म्हटलं चल लवकर. गेले तर हा पुलाच्या खांबाला टेकून उभा. सायकल शेजारी, स्टँडवर, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. पडला नव्हता. कुणी धडक दिली नव्हती. एक ट्रेलर शेजारून गेला होता, बस. घामानं शर्ट भिजलेला. मी हात धरला तर बर्फ. शिवा म्हणाला, "साहेब, दवाखान्यात जायचं का?" नको म्हणाला. मग म्हणाला, सायकल टेम्पोत टाकू. आता सकाळच्या वेळी तिथे टेम्पो कुठून आणायचा? मी म्हटलं, तू रिक्षात बस, सायकल मी आणते.

त्याच्या उंचीला लावलेली सीट. मी फुटपाथच्या कडेला पाय ठेवून टांग मारली आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. मला — सांगते आता, तुम्ही काय, परत भेटणार नाही — मला त्या वेळी आनंद झाला होता. नवरा रिक्षात थरथरतोय आणि मला आनंद होतोय. वाटत होतं, बघ. बघ एकदा, मी काय करत होते ते. एक ट्रेलर गेला, दुसरा गेला, मी हँडल सैल सोडलेलं, पाठ ताठ. आणि तो शिवा रिक्षा माझ्या मागेच घेऊन चाललेला. पुढे जाईना. माझ्या मागे, अगदी माझ्या वेगानं, रस्त्याच्या मध्येच, आणि त्याच्या मागे सगळे हॉर्न वाजवतायत, शिव्या देतायत. मला लाज वाटली. म्हटलं, परीक्षा घेतोय माझी, मागून बघत बसलाय. पार घरापर्यंत तसंच.

त्यानंतर तो बोललाच नाही. म्हणजे बोलायचा, मीठ दे, लाइट गेले, एवढं. सायकलला हात लावला नाही. मीही नाही लावला, म्हटलं राहू दे, शांत होऊ दे. आणि गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाला, प्रांजलला सांगितलंय, सायकल विकून टाकू. मी म्हटलं, का? म्हणाला, गेली की बरं. मी म्हटलं, तुला जमत नाही म्हणून का? असंच म्हटलं, तोंडावर. तो पानावरून उठला नाही. खाली बघून म्हणाला, "मला रिक्षातून सगळं दिसत होतं. तुला दिसत नव्हतं." बास. मी तोंडावर हसले त्याच्या. म्हटलं, मला काय दिसत नव्हतं? मी दोन वर्षं त्या रस्त्यानं जातेय.

तुम्ही कुठे चालवणार आहात? खारघरला तुमच्याकडे रस्ते बरे आहेत, टेकडीपर्यंत छान जाता येईल. रोज ऑफिसला न्या, टोपलीत डबा राहतो. — काय? कॅफे? तुमचा स्वतःचा? हो का, छान. मग सायकल... भिंतीवर. हुकांना अडकवून. अच्छा. टोपलीत झाडं लावणार. खोटी. म्हणजे पाणी घालायला नको, बरोबर.

नाही, मला काही वाटलं नाही. दिसेल छान. लोक फोटो काढतील. मी आपलं विचारलं, चाकं फिरतील का तिकडे. अधूनमधून हातानं फिरवलीत तरी ब्रेक मोकळे राहतात — नको, राहू दे, भिंतीवर ब्रेक कशाला लागतोय.

देवेशला वाईट नका समजू हं. मी इतका वेळ बोलले त्यातून तसंच वाटलं असेल. परवा धर्मराज आले होते. त्याच्याबरोबर जहाजावर होते, सेकंड इंजिनिअर. जेवायला थांबवलं मी त्यांना. देवेश खाली श्रीखंड आणायला गेला, आणि ते एकदम मला म्हणाले, "वहिनी, सर आता झोपतात का?" मी म्हटलं, का हो? तर त्यांना वाटलं होतं मला माहीत असेल. मला काही माहीत नव्हतं. त्या शेवटच्या कॉन्ट्रॅक्टवर इंजिन रूममध्ये आग लागली होती. गरम तेलाचा पाइप फुटला. सगळे वर आले, मोजणी झाली, आणि सुशांत म्हणून एक मुलगा, थर्ड इंजिनिअर, रत्नागिरीकडचा — तो पुन्हा खाली गेला. एक झडप बंद करायची राहिली म्हणाला, आणि गेला. देवेशच्या समोरून, जिन्याने. देवेश त्याच्या मागे निघाला तेव्हा दोघातिघांनी त्याला धरून ठेवलं. धर्मराज म्हणाले, मीच धरलं होतं. तो मुलगा काही वर आला नाही. देवेश त्या दाराशी उभा होता, धूर येत होता त्या दाराशी, आणि त्याला हलवता येत नव्हतं तिथून.

मग तो श्रीखंड घेऊन आला आणि आम्ही जेवलो. मी वाढत होते आणि मला त्याच्याकडे बघता येईना. गॅस पेटवला की दारात का येतो, ते मला तेव्हा समजलं. तो डब्यांवर लेबलं लावत बसतो, त्याला कुठेतरी हात लावायला काहीतरी लागतं, तेही समजलं. पण मी त्याला सांगितलं नाही मला कळलंय म्हणून. त्याने मला सांगितलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. आम्हाला सवयच नाही हो. आमचं सगळं लग्न फोनवर झालं, आणि फोनवर कोण असलं बोलतं?

एक मिनिट. एक मिनिट थांबा, तुम्ही काही बोलू नका.

ती रिक्षा माझ्या मागे होती. बरोबर? त्या दिवशी, पळस्प्याहून. मी पुढे, रिक्षा मागे, मधोमध, आणि ट्रेलर तिच्या मागे हॉर्न वाजवत. पहिले दोन ट्रेलर गेले माझ्या शेजारून, नंतर एकही गेला नाही. मला तेव्हा वाटलं, माझं जमलंय. अहो, जातील कुठून? त्याने रिक्षा मध्ये घातली होती. शिवा कशाला स्वतःहून रस्त्याच्या मध्ये रिक्षा चालवेल, शिव्या खात? त्याला कुणीतरी सांगितल्याशिवाय? ज्या माणसाला उभं राहता येत नव्हतं, त्याने मागे बघून — मला रिक्षातून दिसत होतं म्हणाला. तुला दिसत नव्हतं. मागून येणारं. मला दिसणारच नाही, डोळे पुढे असतात माणसाचे. आणि मी हसले त्याला. मला वाटलं, मला नावं ठेवतोय.

नाही, मी ठीक आहे. पाणी नको. तुम्ही बसा ना, उठताय कुठे. — हो, म्हणजे उठलंच पाहिजे तुम्हाला, पण थांबा, मला एक फोन करू दे. कुठे ठेवला मी फोन? तुमच्या मांडीखाली तर नाही? हा काय, टोपलीत.

हॅलो. देवेश? नंबर आला का? — अजून दोघं आहेत पुढे? बरं. — नाही, काही झालं नाही. गॅस बंद आहे. बंद आहे, मी बघितलंय. ऐक. ते आलेत, सायकलवाले. — हो, लवकर आले. नाही, मी देत नाहीये त्यांना. तू चिडशील तर चीड, आपण बोलू. पण आधी ऐक. मी सायकल घेऊन निघतेय. — तिकडेच, तुझ्याकडे. दवाखान्यापाशी. पुलावरून नाही येणार, खालच्या रस्त्यानं येते, मार्केटच्या बाजूनं. तू रिक्षा करू नकोस. झालं की खाली ये आणि रस्त्यावर उभा राहा, मेडिकलच्या दुकानासमोर. मी कोपऱ्यावरून वळले की दिसेन तुला. — देवेश. धर्मराज बोलले मला. त्या दिवशी, तू श्रीखंड आणायला गेलास तेव्हा. — हो. सगळं. — नाही, फोनवर नको. फोनवर आपण खूप बोललो. तू मला जाताना बघितलंस ना त्या दिवशी, सगळा वेळ पाठमोरी. आता येताना बघ. मग घरी दोघं चालत परत जाऊ, सायकल तू धर. — थांबशील ना? — बरं. हो. ब्रेक बघते. बघते म्हटलं ना.

हं.

तर शार्दूल, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. प्रांजलला सांगते जाहिरात काढायला. तुमच्या भिंतीला दुसरं काहीतरी मिळेल, चिकार असतात जुन्या सायकली गंजलेल्या, त्यांना कुणी वाली नाही, त्यातली एखादी न्या. तो कप राहू दे तिथेच, मी धुते आल्यावर. ओढणीला गाठ मारून घेते जरा, चाकात जाते. झालं. सरका थोडे, हँडल लागेल तुम्हाला. लिफ्ट आलीय, पण ही मागच्या चाकावर उभी केली की आत मी आणि ती, एवढीच जागा उरते. तुम्ही जिन्याने उतरा.